लाल पेन्सिलीचं रिकामं पारडं

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. मित्रांनो, खरं सांगायचं तर आता मी पेन्सिल कमी आणि थोटूक जास्त आहे. एका संपलेल्या पेनचं टोपण मागून घातलंय, म्हणून हातात धरता येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा चांगली लांबसडक होते. इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. नोकरी करणारी माणसं संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमत आणि बढतीच्या परीक्षेसाठी इंग्रजी वाक्यांतल्या चुका शोधायला शिकत. बाई उत्तर कधीच लिहीत नसत. सर्वनाम कोणाचं ते कळत नसेल, तर त्याभोवती गोल. तुलना फसली असेल, तर समासात छोटा तराजू, एक पारडं रिकामं.

त्यांतल्या एका नर्सने एकदा इंग्रजीत लिहिलं होतं, आईने मुलीला सांगितलं की तिची बस चुकली. मी 'तिची'भोवती फिरले.

"बस कोणाची?" बाईंनी विचारलं.

"आईची. मला माहीत आहे ना."

"तुला असेल गं. मी काय तुझ्या डोक्यात भाड्याने राहते?"

शेजारी बसलेला ड्रायव्हर हसला. त्याच्या वाक्यात त्याच्या शहरातले रस्ते दुसऱ्या शहरापेक्षा रुंद होते. लगेच तराजू. "रस्त्यासमोर रस्ता ठेवा, साहेब. अख्खं शहर कुठे उचलताय?"

मी झिजत होते, पण सुखात होते.

मग बाई गेल्या. त्यांच्या लेकीने टेबल आवरलं. टोपणामुळे तिने मला पेन समजून पेनांच्या डब्यात टाकलं, नाहीतर मी कचऱ्यातच गेले असते. डब्यात अंधार होता.

एके दिवशी नर्स आणि ड्रायव्हर आपले न तपासलेले पेपर मागायला आले. परीक्षा रविवारी होती.

"राहू द्या, मी तपासते," लेक बोलून गेली.

तिने मला डब्यातून काढलं, टोक केलं आणि नर्सच्या पेपरातल्या प्रत्येक चुकीवर नीट, सुवाच्य उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी नर्सने पेपर पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"चुकलं का काही?"

"नाही हो. पण सगळं आयतं मिळालं. बाई आम्हाला डोकं खाजवायला लावायच्या. परीक्षेत कोण देणार उत्तर?"

लेकीने ड्रायव्हरचा अजून न तपासलेला पेपर पुढे ओढला. एका वाक्यापाशी मला टेकवलं आणि सावकाश तराजू काढला. रिकाम्या पारड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने पेपर त्याच्याकडे सरकवला.

"यात काय ठेवायचं ते तुम्ही ठेवा."

ड्रायव्हरने मान वाकडी करून पाहिलं. "तुमचा तराजू बाईंपेक्षा वाकडा आहे."

"बाईंपेक्षा?" लेकीने भुवई उंचावली.

नर्सला हसू आवरेना. मग लेकही हसली, पुष्कळ दिवसांनी.

मित्रांनो, थोटूक झालं म्हणून कोणाला टाकून देऊ नका. आधी टोक काढून बघा. आणि कोणी चुकलं, तर गोल काढून जरा थांबा. मी आता अंगठ्याएवढी उरले आहे. परीक्षा होऊन गेली, तरी संध्याकाळी टेबलाभोवतीच्या खुर्च्या भरलेल्या असतात.