माझं सव्वा मिनिट

मी एक जुना टायमर आहे. मुठीत मावेन एवढा, गोल, पोटात स्प्रिंग आणि डोक्यावर घंटी. चावी दिली की मी मिनिटभर टिकटिक करतो आणि मग ठणकन वाजतो. मित्रांनो, आयुष्यात एवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं, आणि तेही मी धड केलं नाही. हे सांगताना मला लाज वाटते. पण पोटात ठेवून ठेवून आता पोटातली स्प्रिंगसुद्धा दुखायला लागली आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा एका चष्मेवाल्या तपासनिसाने मला कानाशी धरलं, स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "हा चोख आहे." झालं, तेव्हापासून मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. पुढची वीस वर्षं मी एका फोटोग्राफरकडे होतो. फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीत तो माझ्या घंटीवर कागद रसायनातून काढायचा. पंधरा सेकंद जास्त झाली की वरातीतली सगळी माणसं काळीकुट्ट. पंधरा सेकंदांत काय बिघडतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. म्हणून तर माझ्या चुकीला माफी नाही.

फोटोग्राफर म्हातारा झाला, दुकान बंद पडलं, आणि त्याच्या मुलीने मला पर्समध्ये टाकून शाळेत आणलं. ती एका सरकारी शाळेत वाचन शिकवायला लागली होती. मुलं तिला 'वाचनबाई' म्हणत.

त्या शाळेचं एक दुखणं होतं. दरवर्षी खात्याचे साहेब येत आणि प्रत्येक मुलाला एक मिनिट मोठ्याने वाचायला लावत. मिनिटात पंचेचाळीस शब्द वाचले की मूल पास. पुरेशी मुलं पास झाली नाहीत की शाळेचं नाव तळाच्या यादीत. लागोपाठ तीन वर्षं नाव तिथेच राहिलं की शाळेला कुलूप, आणि मुलांची वाटणी लांबलांबच्या शाळांत. आमच्या शाळेचं नाव दोनदा लागून झालं होतं. तळाच्या शाळेला एक मदत मात्र मिळे, ती म्हणजे जादा शिक्षिका. वाचनबाई त्याच मदतीतून आल्या होत्या.

खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत, फुस्स झालेल्या चेंडूंच्या शेजारी, त्या रोज तासभर अकरा मुलांना घेऊन बसत. त्यांत चौथीतली एक मुलगी होती. एक शब्द वाचून झाला की ती त्याखाली पेन्सिलने ठिपका द्यायची, मगच पुढे जायची. म्हणून तिचं नाव पडलं ठिपकी. तिच्या पुस्तकात ओळींखाली मुंग्यांच्या रांगा लागलेल्या असत. पहिल्या दिवशी मी वाजलो तेव्हा एकोणीस ठिपके झाले होते. दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून ती माझ्याकडे बघत राहिली. मग सव्वीस झाले, एकतीस झाले, अडतीस झाले. दर वेळी ती मला थोपटायची आणि म्हणायची, "उद्या जरा थांब हं माझ्यासाठी." मी कधी थांबलो नाही. मी चोख होतो ना!

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी झाडताना शिपाईमावशींचा धक्का लागला आणि मी टेबलावरून खाली आपटलो. पोटात काहीतरी कट्टकन वाजलं. मावशींनी मला उचललं, चावी दिली, घंटी वाजली. "वाजतोय की गं बाई!" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी माझ्या तड्यावर चिकटपट्टी लावली.

वाजत होतो, पण उशिरा. माझं मिनिट सव्वा मिनिटाचं झालं होतं. मला ते पहिल्याच फेरीला कळलं. वाचनबाईंना त्याच दुपारी कळलं, मुलं यायच्या आधी मला हातातल्या घड्याळाशी ताडून बघताना. त्या मला घेऊन तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, याचं मिनिट लांबलंय. उद्या दुसरं काहीतरी बघायला हवं."

सरांनी समोरचे कागद बाजूला सारले. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं याच शाळेतून शिकून गेली होती.

"बाई, दोन वर्षं आपण खरं मिनिट वापरलं," ते म्हणाले. "काय पदरात पडलं? उद्या शाळा बंद झाली तर ही पोरं एवढा मोठा रस्ता ओलांडून जाणार आहेत का कुठे? घरी बसतील. पंधरा सेकंदांनी कुणाचं काय जातंय?"

वाचनबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. मग त्यांनी मला पुन्हा पर्समध्ये ठेवलं. फोटोग्राफरच्या घरात त्या वाढल्या होत्या, पंधरा सेकंदांनी काय जातं ते त्यांनाही ठाऊक होतं. मित्रांनो, मी तिथेच बंद पडायला हवं होतं. एकदा अडून बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण उद्या साहेबांसमोर वाजायचं म्हणून मी आतून फुलून आलो होतो.

साहेब आले. "वेळ कशावर मोजता?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मुलांना याचीच सवय आहे, असं सर म्हणाले, आणि साहेबांनी मान डोलावून माझी चावी फिरवली.

ठिपकी वाचायला लागली. तिचा अडतिसावा ठिपका पडला, आणि ती माझ्याकडे बघून थांबली. रोज मी तिथेच वाजायचो. मी टिकटिक करतच राहिलो. ती गोंधळून पुढे वाचत गेली, आणि सत्तेचाळिसाव्या शब्दाला मी वाजलो.

"शाबास!" साहेब म्हणाले.

"पण आज घंटी उशिरा वाजली," ठिपकी म्हणाली.

सरांनी घाईघाईने पुढच्या मुलाला हाक मारली. साहेब मात्र हसले. "परीक्षेत मिनिट असंच लांब वाटतं हं, बाळा!" मग सर हसले, वर्गशिक्षिका हसल्या. वाचनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या वेळी मला तोंड असतं तर मी ते कुठे लपवलं असतं कोण जाणे.

शाळा तळाच्या यादीतून वर आली. फाटकावर पताका लागल्या, सरांना टाळ्या मिळाल्या, मला सरांच्या टेबलावर मानाची जागा मिळाली. आणि महिन्याभराने खात्याचं पत्र आलं. शाळा सुधारल्यामुळे जादा शिक्षिकेची गरज उरलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं. वाचनबाईंची बदली झाली. जाताना त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मला उचललं आणि परत ठेवलं. वडिलांची आठवण म्हणून वीस वेळा पुसलेला मी, पण मला घरी न्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

अकरा मुलांच्या खोलीत पुन्हा चेंडू भरले. ठिपकी पाचवीत गेली. पाचवीचं पुस्तक जाड, शब्द लांब, आणि शेजारी बसून ठिपके मोजणारं कुणी नाही. ती अडखळली की वर्गशिक्षिका म्हणत, "पास झालीस ना गेल्या वर्षी? मग आता ही नाटकं कसली?" हळूहळू तिने पुस्तक उघडणंच सोडलं. एक दिवस तिला शिक्षा म्हणून मोठ्या सरांकडे पाठवलं.

सर चिडलेले नव्हते. "ये, मला वाचून दाखव," म्हणाले, आणि सवयीने त्यांनी मला चावी दिली. ठिपकीने वाचलं नाही. ती माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बघत राहिली. मी वाजलो तेव्हा म्हणाली,

"सर, त्या काट्याची एक फेरी झाली, आणि वर पाव. मग हा वाजला."

सरांनी मान वळवून घड्याळ पाहिलं.

"म्हणजे मी पास नव्हतेच ना झाले?"

"नाही," सर म्हणाले. "पण चूक तुझी नाही गं पोरी. माझी आहे."

तिला वर्गात पाठवून त्यांनी त्याच दुपारी खात्याला पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं. मीही होतो, चिकटपट्टीसकट.

पुढे व्हायचं ते झालं. साहेब स्वतःचं घड्याळ घेऊन आले, फेरतपासणी झाली, शाळेचं नाव तिसऱ्यांदा तळाला लागलं. सरांची खुर्ची गेली. ते आता दुसऱ्या एका शाळेत साधे शिक्षक आहेत. वर्षाच्या मध्ये मुलं पाठवायची कुठे, म्हणून शाळेला कुलपाऐवजी एका वर्षाची मुदत मिळाली, आणि जादा शिक्षिकाही मिळाली. वाचनबाईंनीच अर्ज करून इथे बदली मागून घेतली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी ठिपकीला जवळ बसवलं. "मला माहीत होतं गं. मी बोलले नाही." ठिपकीने पेन्सिलीला टोक केलं. बाई मला कपाटात टाकायला निघाल्या तेव्हा मात्र म्हणाली, "राहू द्या त्याला. मी भिंतीवरचं बघते."

सरांच्या खोलीतलं ते घड्याळ आता चेंडूंच्या खोलीत आलं आहे. ठिपकी रोज मला चावी देते आणि वाचायला लागते. काट्याची एक फेरी झाली की पुस्तक मिटते, ठिपके मोजते आणि हाताची घडी घालून बसते. मी अजून टिकटिकत असतो. ती पंधरा सेकंदं तिला हवी असतात, मला ठाऊक आहे, कारण काल एक्केचाळीस झाले होते आणि तपासणी तोंडावर आली आहे. पण ती त्यातलं एकही घेत नाही. नुसती माझ्याकडे बघत बसते. मी वाजतो, तेव्हा खोलीत कुणीच वाचत नसतं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर ती पडल्यावर नुसती वाजते का एवढंच बघू नका, खरं वाजते का तेही बघा. आणि तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा घड्याळजी असेल, तर मला त्याच्याकडे घेऊन चला. मला मानाचं टेबल नको. ठिपकीचं वाचन थांबावं आणि त्याच क्षणी माझी घंटी वाजावी, असं एकदा तरी व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे.