गळका तलाव

वर

फुलचूरच्या रस्त्यावरच्या सगळ्या कडुनिंबांना तांबूस पालवी आली. मंजूच्या कडुनिंबाला नाही.

मंजूचा म्हणजे रस्त्याचाच. पण त्याच्याखाली तिचं फॉल-पिकोचं मशीन आहे. उन्हाळ्यात तिचं दुकान म्हणजे ती सावली. झाडांची सरकारी पाहणी करणारा ओमेश मान वर करून म्हणाला, "ताई, अर्धं सुकलंय. वादळात कोणावर पडलं तर? अक्षय तृतीयेनंतर येतो. नवी पालवी दिसली तर ठीक, नाही तर काटना पडेगा."

खाली

खाली सिमेंट. रस्ता रुंद झाला तेव्हा बुंध्याला भिडेपर्यंत ओतलेलं.

"फोडू का?" मंजूनं ओमेशला विचारलं.

"फोडा. मी काही पाहिलं नाही."

मंजूनं आईला फोन लावला. धुरपताबाई अर्जुनी मोरगावकडची. सासर-माहेर दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारी माणसं. ती दुसऱ्या दिवशी गाडीनं आली, हातात लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन. डब्यातले लोक सरकून बसले होते म्हणे.

समोरच्या किराणावाल्या गुलाबचंदनं विचारलं, "मावशी, पूरा रोड खोदने का इरादा है क्या?"

"तुयं दुकान तं नाही खोदून राहिली ना? मंग तिथूनच पाय गुमान."

अजून खाली

सिमेंट निघालं. इथं थांबायला हवं होतं.

पण धुरपताबाईला उघडा खड्डा दिसला. तिनं चिकणमाती मागवली, भिजवली, पदर खोचला आणि आत उतरून तुडवायला लागली. टाच, पंजा, टाच, पंजा. भोवती पाळ घातली, हातानं गुळगुळीत केली. मग पाणी.

पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

"पाय पोरी! आमच्या हातचं पानी जाग्यावरून हालत नाही."

"मावशी," गुलाबचंद ओरडला, "सिंघाड़ा लगा दो!"

पुन्हा वर

जी पानं हिरवी होती तीही पिवळी पडून मशीनवर गळायला लागली. खड्ड्यातल्या पाण्यात आलेला बेडूक तेवढा खुशीत.

सगळ्यात खाली

मंजूनं पाळीबाहेरून आडवं उकरलं. मुळांशी माती पिठासारखी कोरडी.

"माय, पानी खाली जाऊनच नाही राहिलं."

"जाईल कसं? मिनं बांधलं हाये!"

हे बोलताना धुरपताबाईची मान ताठ होती. मग ती मान हळूहळू झाडाकडे वळली. वर पाणी कोंडलेलं, खाली मूळ तहानलेलं, आणि मधे तिनंच तुडवलेली माती.

"फोड आता," मंजू म्हणाली.

"मी? बाई, पाळ फोडनाऱ्याच्या घरी आमच्यात कोनी पानी पेत नाही."

"पानी नोको देऊ. मी चहा पेईन."

धुरपताबाईनं डोळे मिटून पहिला घाव घातला. उरलेले मंजूनं. चिकणमाती गेली, तिथं रेती, गिट्टी, वाळका पाला. बादली ओतली. पाणी गुडगुडलं आणि गेलं.

"पाहवत नाही वो," धुरपताबाई तोंड फिरवून म्हणाली. "मोरगावले सांगू नोको."

तरी दिवस मावळायला लागला की बादली तीच ओतायची. आधी रागानं: "गेलं, सारं गेलं!" मग काही दिवसांनी जरा वाकून, कान देऊन: "पेऊन राहिलं वो, मंजे. आयक, पेऊन राहिलं."

गुलाबचंदही एकदा गल्ला सोडून ऐकायला आला. "कुछ नहीं आ रहा आवाज."

"तुया कानात तेल घाल."

वर, अजून एकदा

अक्षय तृतीया झाली. ओमेश माणसं आणि करवत घेऊन आला. मंजूनं मशीनवरचा ब्लाऊज उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली.

ओमेशनं शेंडा पाहिला. "मावशी, ऊपर तो कुछ नहीं है."

धुरपताबाईनं त्याची हनुवटी धरली आणि खाली, मधल्या फांदीकडे वळवली. "तिकडं काऊन पायतं गा? इथं पाय."

तांबूस पालवी. बोटांएवढे ओलसर झुबके, एकाला लागून एक.

ओमेशनं करवत खाली ठेवायला लावली. मग त्यानं माणसांना फक्त शेंड्याची वाळकी फांदी दाखवली. "तेवढी काढा. बाकी झाड राहू द्या."

मंजूच्या हातातला ब्लाऊज पार चुरगळला होता.

ओमेश खाली बसला, खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. "वा! काय जिरतंय! कोणी केला हा?"

मंजूनं आईकडे पाहिलं.

"पोरीनं केला," धुरपताबाई तडकन म्हणाली. "मिनं तं चांगला तलाव बांधून देल्ला होता."