व्याह्यांच्या नावावरच्या टोप्या

जुना कीबोर्ड आहे मी, मित्रांनो. कामोठ्यातल्या प्रेमलाताईंच्या टायपिंगच्या दुकानात, झेरॉक्सच्या कागदांशेजारी फळीवर पडून असतो. माझा मूळ रंग पांढरा होता, यावर आता कुणाचा विश्वास बसायचा नाही. दोन-तीन बटणांवरची अक्षरं पार पुसली आहेत. स्पेसबार डाव्या अंगाने दाबला तर रुसतो. पण उजव्या बाजूचा आकड्यांचा पट्टा मात्र अजून खणखणीत आहे. माझी कहाणी त्या पट्ट्याचीच आहे म्हणा ना.

माझा जन्म कुठला, ते पाठीवरच्या लेबलावर होतं. ते कधीच झिजलं. मला आठवतं ते तुर्भ्याच्या एका कारखान्याचं स्टोअर. बाहेर ट्रकवाले हॉर्न देत उभे असायचे आणि मी दिवसभर गेटपास टाइप करायचो. काम इमानाने केलं, पण शाबासकी म्हणून मिळाला तो वडापावचा चुरा. पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि आम्ही जुने सगळे भंगारात निघालो. प्रेमलाताईंनी ढिगातून मला उचललं, उलटा करून झटकलं, टूथब्रशने घासलं आणि म्हणाल्या, "बटणं बघा कशी कडक आहेत. हा चालणार." ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ताईंकडे अर्ज, भाडेकरार, बायोडाटा असं सगळं व्हायचं आणि लग्नसराईत पत्रिका. पत्रिकेसाठी ताई कोरं पान कधीच उघडत नसत. मागच्या लग्नाची फाईल उघडायची, जुनी नावं खोडायची आणि नवी बसवायची. नक्षी तयार, मजकूर तयार, गिऱ्हाईक दहा मिनिटांत मोकळं. त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नाही.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी बाजीराव आले. मूळचे कोकणातले, तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांची मुलगी अक्षता तिथल्याच एका कंपनीत कामाला होती. तिच्या कंपनीत मशीन बसवायला चेक देशातून तोमाश नावाचा इंजिनिअर आला होता. मशीन बसलं आणि दोघांचंही जमलं.

"व्याह्यांची नावं त्यांच्याच अक्षरांत पायजेत," बाजीराव म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला. नवरदेव तोमाश, वडील लुबोश, आई बोझेना, आडनाव नोव्हाचेक. अक्षरं इंग्रजीसारखीच, पण कुणाच्या डोक्यावर तिरकी रेघ, तर कुणाच्या डोक्यावर उलटी टोपी.

"काका, टोपी नसली तरी कळतं की," ताई म्हणाल्या.

बाजीरावांनी फोन मागे घेतला नाही. "आमच्या बापाचं नाव भिकाजी. गावात जन्मभर भिक्याच म्हनले. पुरं नाव कुनाच्या तोंडात आलं नाय. आपल्या हातनं कुनाचं नाव अर्धं नको."

ताई कामाला लागल्या आणि माझ्या आकड्यांच्या पट्ट्याचं नशीब उघडलं. ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि शून्य, एक, पाच, चार मारायचे, की टोपीवाला एस हजर. शेवटचा आकडा आठ केला की टोपीवाला झेड. शून्य, दोन, दोन, पाचला रेघवाला ए. मात्र टोपीवाल्या सीने नाकीनऊ आणले. शेवटी ताईंनी कुठूनसं शोधून काढलं की वर्डमध्ये आधी शून्य, एक, शून्य आणि डी टाइप करायचं आणि मग ऑल्टबरोबर एक्स दाबायचं. आकडे गेले आणि त्यांच्या जागी सी टोपी घालून उभा राहिला. बाजीरावांनी चक्क टाळी वाजवली.

अर्धा तास दोघांनी एकेक टोपी पेन्सिलीने तपासली. तोमाशला फोटो पाठवला. सगळं बरोबर आहे, असं त्याने कळवलं. त्याला जेवढं वाचता येत होतं, तेवढं खरोखरच बरोबर होतं.

तीनशे पत्रिका छापून आल्या. बाजीरावांना धीर कसला! रविवारी सकाळीच तुर्भ्याला जाऊन साठ घरी वाटूनही आले. संध्याकाळी त्यांच्या पत्नी वेणूबाई पत्रिका घेऊन बसल्या. प्रौढ वर्गात वाचायला शिकलेल्या त्या, शब्दन् शब्द बोट ठेवून वाचायच्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं.

"अहो, आपले व्याही कधी वारले?"

सोमवारी बाजीरावांनी ती पत्रिका माझ्यापुढे ठेवली. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. अक्षताच्या आजोबांच्या नावाआधी तो शब्द होता, तो बरोबरच होता. पण खालच्या ओळीत लुबोश यांच्या नावाआधीही तोच शब्द होता. मागच्या लग्नातल्या नवरदेवाचे वडील हयात नव्हते. ताईंनी नाव खोडलं आणि तो शब्द तसाच राहिला. माझं डिलीटचं बटण तिथवर पोचलंच नव्हतं.

"ज्याचं नाव पुरं लिवायला गेलो, त्यालाच मारला मी," बाजीराव म्हणाले. लुबोश यांच्या छातीचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. डॉक्टरांनी मोठ्या मिनतवारीने त्यांना प्रवासाची परवानगी दिली होती. लग्न अकरा दिवसांवर होतं. हे त्यांच्या कानावर गेलं तर?

"चूक माझी आहे, काका," ताई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मला रडता येत नाही.

त्या शब्दावर चिकटवायला ताईंनी छोट्या पट्ट्या काढायच्या ठरवल्या. त्या हयात माणसाच्या नावाआधीचं 'आयु.' टाइप करू लागल्या, तेव्हा बाजीरावांनी हात वर केला. "नुसतं आयु नको. आयुष्मान, पुरं." मग मी आयुष्मान छापलं, दोनशे चाळीस पत्रिकांसाठी. वेणूबाई कापत होत्या, ताई चिकटवत होत्या. बाजीराव मात्र पुन्हा तुर्भ्याला गेले आणि साठही घरी जाऊन सांगून आले, की माझे व्याही जिवंत आहेत, चूक झाली.

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी बाजीराव व्याह्यांना आणि अक्षताला घेऊन दुकानात आले. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पट्टी नसलेली एक पत्रिका त्यांनी पुढे ठेवली आणि अक्षताला सगळं सांगायला लावलं.

लुबोश यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग ते हळू काहीतरी बोलले. अक्षता म्हणाली, "पप्पा, ते म्हणतात, दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी हेच लिहायची वेळ आली होती. तुमच्याकडे त्याच्यावर पट्टी लावता येते, हे बरं आहे." ताईंकडून उरलेली एक पट्टी मागून घेऊन त्यांनी ती आपल्या औषधांच्या डबीवर चिकटवली. बाजीरावांनी त्यांना मिठी मारली, पण ऑपरेशनची आठवण ठेवून, अगदी सांभाळून.

आता पत्रिका मोबाईलवरच जातात. ताईंनी लॅपटॉप घेतला आणि मी फळीवर गेलो. त्याचं वाईट वाटत नाही, दिवस बदलतातच.

मागच्या महिन्यात बाजीराव आले. आता ते काठी टेकत चालतात. कामोठ्यात गेलेल्या माणसासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवायचा होता, त्याचं कार्ड हवं होतं. ताईंच्या लॅपटॉपला आकड्यांचा पट्टा नाही, म्हणून त्यांनी मला खाली काढलं, पुसलं आणि जोडलं. या वेळी त्यांनी कोरं पान उघडलं.

"नावाआधी काय लिहू, काका?"

बाजीरावांना तो शब्द उच्चारवेना. ताईंनीच तो हळू आवाजात विचारला. बाजीरावांनी नुसती मान हलवली. मग ताईंनी तो शब्द एकेक अक्षर दाबून लिहिला आणि पुढे लुबोश नोव्हाचेक, सगळ्या टोप्यांसकट.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण कुणाचं नाव लिहायला घ्याल, तेव्हा वेणूबाईंसारखं बोट ठेवून वाचा. आणि माणूस आहे तोवर त्याच्या नावाआधी आयुष्मान पूर्ण लिहा. दुसरा शब्द लिहायची वेळ स्वतःच्या पायांनी चालत येते.