चिमूटभर जवळा

गोजराच्या अंगावरची हळद उतरते न उतरते तोच तिच्या नवऱ्याला, हिरामणला, पलटणीतून बोलावणं आलं. एकाहत्तर सालची गोष्ट. लढाई अजून पेटली नव्हती, पण पेटणार हे दिवाळे कोळीवाड्यातल्या पोराटोरांनाही कळलं होतं. राजस्थानच्या रेतीतून त्याचं पहिलं पत्र आलं: "इथं सगळं मिळतं, खाडीचा वास तेवढा मिळत नाही."

ते पत्र सासऱ्यांनी, देवजींनी, ओटीवर बसून मोठ्यानं वाचलं. घरचा रिवाजच तो. येणारं पत्रही तेच वाचत आणि जाणारंही. आता सासऱ्याच्या तोंडून सगळ्या घराला ऐकू जाणार त्या पत्रात नवी नवरी काय कपाळ लिहिणार? "सर्व खुशाल. प्रकृतीला जपा." एवढ्यावर कारभार आटोपायचा. मग पोरीनं डोकं चालवलं. वाचन उरकलं, की आंतरदेशीय पत्र चिकटवताना ती त्यात गुपचूप खाडीतला चिमूटभर बारीक सुका जवळा भुरभुरायची. ज्याला कळायचं त्याला कळेल.

डिसेंबरात लढाई जुंपली आणि हिरामणचं पत्र आलं. देवजी वाचू लागले, "इतकी पत्रं धाडली, तुझं एकही उत्तर नाही. आमच्या घरात करमत नसेल तर माहेरी जा. माझा राग नाही."

सासूबाई पुतळाबाई सुनेकडे बघतच राहिल्या. गोजराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडं त्याचं काही बरंवाईट झालं तर तो हेच मनात धरून जाणार, या विचारानं तिला राहवेना.

दुसऱ्या दिवशी नवं पत्र घेऊन ती स्वतःच टपाल कचेरीत गेली. पोस्टमास्तर दिनानाथांनी ते हातात घेतलं आणि नाक मुरडलं.

"काय घातलंयस यात?"

"जवला."

"अगं बाई, यात काही घालायचं नसतं. वर छापलंय की. आधीची सगळी वाटेत उंदरांनी खाल्ली असणार."

गोजराला हसावं की रडावं कळेना. मास्तरांनी कोरं पत्र पुढं सरकवलं. आता जवळाही नाही आणि वाचून दाखवायला सासराही नाही. खिडकीपाशी उभ्यानंच तिनं लिहिलं, "मला इथं करमतं. आई चांगल्या हायत. तुमी नाय, तेवढंच सोसत नाय. मला तुमी पायजे."

लढाई थांबली तरी उत्तर येईना. मासळी वाळत घालताना तिचे डोळे वाटेकडे लागलेले असायचे. अखेर एका सकाळी पोस्टमन आला. देवजींच्या आधी तिनंच हात पुढं केला आणि ओटीवर बसून वाचायला घेतलं.

"मी धडधाकट हाय. रजा मिळाली. शिमग्याला येतो."

पुतळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोजराची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि ती लाजून चूर झाली.

"थांबलीस का? पुढं वाच," देवजी म्हणाले.

तिनं पत्राची घडी घातली.

"पुढचं माजं हाय, बाबा."