उसन्या गंधाची खीर

माघ सरत आला की कृष्णाकाठ गंधभारानं वाकतो. आमराईत मोहर उमलतो, गोडसर, किंचित तिखट, दवानं ओलावलेला. मळ्यामळ्यांत हळद शिजते, आणि तिची कडवट पिवळी वाफ रस्त्यावर येऊन बसते. पैलतीरी गुऱ्हाळाची काहील उकळते, आणि तिचा तांबूस, उष्ण, मधुर दरवळ पाण्यावरून चालत ऐलतीरी येतो.

कोवळं केशरी ऊन. निवळलेली नीलसंथ नदी. पानगळीनं हलके झालेले पिंपळ. अशा दिवसांत गावातलं शेंबडं पोरही नाक वर करून सांगेल, की महाशिवरात्र आली.

साऱ्या गावाला वासावरून कळलं. मंदाकिनीनं मात्र ते कॅलेंडरात वाचलं.

पौषात तिला ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, अंगातली कसर गेली. आणि जाता जाता तिचा वासही गेला. मोहर नुसता दिसू लागला, चंदन नुसतं गार लागू लागलं, देवघरातली उदबत्ती म्हणजे नुसता धूर झाला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीही येणार. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला!

आणि गेला तोही कुणाचा? देवासाठी रांधलेलं चाखायचं नसतं. नैवेद्य दाखवेपर्यंत जीभ उपाशी, हात उपाशी, मन उपाशी. अशा वेळी रांधणारीला सांगणारं एकच असतं, तिचं नाक. मंदाकिनी त्या एका नाकाच्या भरवशावर जन्मभर रांधत आली होती. वरई भाजली की करपली, गूळ विरघळला की कडवटला, वेलदोडा पुरे की अजून चिमूटभर, सारं तिला वास सांगायचा, आणि त्याचं सांगणं कधी चुकलं नाही.

महाशिवरात्रीला घाटावरच्या महादेवाला तिच्या घरची खीर जाई. साधीच खीर. वरईचे तांदूळ, नारळाचं दूध, गूळ, वेलदोडा. पूर्वी तीत तूप असायचं, आटीव दूध असायचं, मूठमूठ साखर असायची. पण नवऱ्याला डॉक्टरांनी जपून खायला सांगितलं आणि तिनं एकेक जड वस्तू काढून टाकली. "उपासाला तडस लागेपर्यंत खायचं आणि दुपारी घोरायचं, तर उपास करायचा तरी कशाला?" असं ती म्हणायची. हलकी झालेली ती खीर गावाला अधिकच आवडली. सोबत गुळात कालवलेलं पिकलं कवठ असे, आंबटगोड, तपकिरी, रेशीममऊ.

पण याच पंधरवड्यातल्या संकष्टीला घात झाला. रताळ्याची खीर खाली लागली, करपली, काळी पडली. शेजारणी नाकाला पदर लावून दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि ही आपली हसतमुखानं पळी फिरवीत होती. त्या संध्याकाळी तिनं पळी खाली ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्या दिवसापासून घरात डबा येऊ लागला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सोनाबाई गुरवीण अंगणात आली. महादेवाची पूजाअर्चा तिच्याच घराकडे.

"वैनी, उद्या खीर न्यायला कवा येऊ?"

"यंदा पेढे आणून ठेवा, सोनाबाई. माझ्यानं नाही व्हायचं."

"पेढं त्येला रोजचंच हायती. वरसातनं एकदा तुमची खीर असती." सोनाबाई थोडी घुटमळली आणि निघून गेली.

मंदाकिनी भिंतीकडे तोंड करून रडली. तिला महादेवाचं भय नव्हतं. तिला वाटत होतं, ज्या एका गोष्टीत आपण आपण होतो, तीच गेली. आता पळी पुन्हा हाती धरायची नाही, आणि उरलेलं आयुष्य डब्यातली आमटी ओतून घ्यायची. हे दुःख तिनं कुणाला सांगितलं नाही. पण ओसरीवर बसलेल्या भालचंद्ररावांना ते ऐकू गेलं.

भालचंद्रराव म्हणजे तिचे यजमान. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, उंच, वाळकुडे, मितभाषी. जन्मभर साखळी टाकून लोकांच्या जमिनी मोजल्या. शब्दही तसेच मोजून टाकायचे. स्वयंपाकघर ही त्यांच्या लेखी परक्याची हद्द होती.

शिवरात्रीची सकाळ उजाडली, बिल्वपत्रासारखी हिरवी, ओली, स्वच्छ. भालचंद्रराव अंघोळ करून, सोवळं नेसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"मंदा, ऊठ. हात तुझे, नाक माझं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं. मग पदर खोचला.

कढई तापली. शुभ्र, इवले, मोतीदाणे वरईचे तांदूळ तीत सरसरले. भालचंद्रराव उत्साहानं पुढे झाले आणि थेट कढईत वाकले.

"अहो, मागे व्हा! नैवेद्य हुंगायचा नसतो. आपणहून येईल तेवढाच वास घ्यायचा. तिथं उंबऱ्यात उभे राहा."

ते उंबऱ्यात गेले. हात पाठीशी बांधून, डोळे मिटून, गंधाची वाट पाहत उभे राहिले. गंध येत होता, थांबत होता, वळत होता, पुन्हा येत होता.

"येतोय का?"

"येतोय."

"कसा?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय हो? कच्चा की भाजका?"

बिचाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. जन्मात कधी वासाला शब्द लावला नव्हता. मग म्हणाले, "उन्हात टाकलेल्या सतरंजीसारखा."

"मग कच्चेच आहेत." ती उलथनं फिरवीत राहिली. "आता?"

"आता... परटाकडून नुकतं आलेलं धोतर."

"झालं! उतरवते!" आणि तिनं कढई खाली घेतली. तांदूळ बरोबर बदामी झाले होते. महिन्याभरानंतर पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

वरई शिजू लागली. बुडबुड, बुडबुड, संथ, सुखाची. आणि तेवढ्यात उंबऱ्यातून हाक आली, "मंदा, जळकं येतंय!"

तिनं पातेलं चुलीवरून खाली घेतलं, पळी निसटली, डोळे भरले. "म्हटलं होतं ना मी, नाही व्हायचं माझ्यानं. बंद करा सगळं."

"थांब, आधी बघून येतो." भालचंद्रराव माजघरात गेले, ओसरीवर गेले, परसात गेले. नाक पुढे, पावलं मागे, बांधाची खूण शोधावी तसे कोपऱ्याकोपऱ्यानं फिरले, आणि हसत हसत परत आले.

"हद्दीबाहेरचं आहे. शेजारच्या माळ्यांच्या परसात पाचोळा पेटवलाय. आपलं पातेलं निर्दोष."

मंदाकिनी हसली. आधी फुसकन, मग खळखळून, मग पोट धरून. डोळ्यांतलं पाणी कशाचं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पातेलं पुन्हा चुलीवर चढलं.

गूळ पडला, विरघळला, बदामी वरई तांबूस झाली. आच मंदावून तिनं नारळाचं दूध सोडलं, दाट, धवल, स्निग्ध. वाफेचा एक मऊ पडदा वर चढला आणि हळूहळू उंबऱ्याकडे सरकला.

"आता कसा?"

भालचंद्रराव चौकटीला टेकले.

"अहो, कसा येतोय? नासलं का?"

"नाही गं," ते हलकेच म्हणाले. "आपल्या रेवाची टाळू. तू बाळंतपणाहून आलीस ना, तेव्हा मी पहिल्यांदा तिला घेतली होती. तिच्या टाळूला नारळाच्या तेलाचा वास यायचा. तसा येतोय."

पळी थांबली. लेक आता नाशकात नांदत होती, तिला स्वतःची लेक होती. आणि हा अबोल माणूस तो वास एवढी वर्षं जपून होता, कुणाला न सांगता. मंदाकिनीनं पदरानं डोळे टिपले, आणि वेलदोडा कुटायला घेतला.

कवठ मात्र त्यांनीच फोडलं, परसातल्या दगडावर, दणक्यात. कवच दुभंगलं आणि आतला गंध असा उसळला, की दोन पावलं मागे सरून ते म्हणाले, "बाप रे! हे तर आंबट, गोड, आणि थोडंसं... दारूसारखं!"

"शिव शिव! तुम्हाला हो कसा ठाऊक दारूचा वास?"

"आमचा साखळी धरणारा घ्यायचा," भालचंद्रराव घाईघाईनं म्हणाले. त्यावर तिनं नुसत्या भुवया उंचावल्या.

मध्यान्ही नैवेद्य घाटावर गेला. घंटा वाजली, नैवेद्याभोवती पाणी फिरलं, शिवपिंडीपुढच्या खिरीतून शेवटची वाफ वर गेली. पळसाच्या द्रोणांतून प्रसाद वाटला गेला, आणि उपाशी गाव पायऱ्यांवर बसून हळूहळू, तृप्त, ती हलकी खीर खाऊ लागलं. सोनाबाईनं द्रोण पुसून बोट चाटलं.

"वैनी, गेल्या वरसापरास बेस झाली बघा!"

मंदाकिनीला हे खरं वाटेना. तिनं स्वतः एक घास घेतला. जिभेला गोड कळलं, ऊन कळलं, मऊ कळलं. पुढे काही नाही. जिथं खीर असायची, तिथं कोरी भिंत. वास परतला नव्हता. ती द्रोण मांडीवर ठेवून पाण्याकडे पाहत राहिली.

भालचंद्रराव शेजारी येऊन बसले. एवढ्या संसारात त्यांनी जेवताना 'हं' यापलीकडे चव कधी सांगितली नव्हती. आज कुणी विचारलंही नव्हतं. पण त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि बोलू लागले.

"आधी नारळ येतो. मग गूळ. गूळ हळू येतो, मागून. मग वरईचा भाजका वास, आपल्या माळ्यावरच्या गवतासारखा. वेलदोडा शेवटी, जाता जाता मागं वळून पाहिल्यासारखा..."

"सांगा," ती म्हणाली. "आणि उद्या पारण्याला मी गोडं वरण करतेय. डबेवाल्या बाईंना नाही म्हणून सांगा. लवकर उठा, उंबऱ्यात उभं राहायचंय."

"हं," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

नदीवर ऊन झळाळत होतं, लाटेमागून लाट, सोन्यामागून सोनं. भालचंद्रराव सांगत होते, चुकत होते, अडत होते, नवा शब्द शोधून पुन्हा सांगत होते. मंदाकिनी डोळे मिटून ऐकत होती. आणि तिच्या मांडीवरच्या द्रोणात, एका घासापुढे न खाल्लेली, खीर हळूहळू निवत होती.