घरची फ्रेंच

बटाट्याची काढणी आटोपून शाळा पुन्हा भरली, त्या सोमवारी ओडेट सिरवाचं चित्त काही केल्या थाऱ्यावर येईना. तीन आठवडे शेतात वाकून कंबरेचा भुगा झालेला, नखांत अजून माती, आणि फ्रेंचच्या तासाला बसल्या बसल्या पाय सारखा हलत होता. भिंतीपलीकडे वर्कशॉप होतं. तिथलं लाकूड कापायचं मशीन सुरू झालं की सगळा वर्ग कानांवर हात ठेवायचा. ओडेटला मात्र वाटायचं, उठावं आणि तिकडे जावं.

फ्रेंच शिकवणाऱ्या मिस हॉलोवे नवीन होत्या. तरुण, कनेटिकटच्या, पॅरिसमध्ये वर्षभर राहून आलेल्या. मेन राज्याच्या या उत्तर टोकाला त्यांना नोकरी मिळाली होती आणि अंगातला कोट त्या ऑक्टोबरातच काढेनाशा झाल्या होत्या.

"सुट्टीत काय केलं ते फ्रेंचमध्ये सांगा," त्या म्हणाल्या.

ओडेटला फ्रेंच कुणी शिकवलीच नव्हती. घरात आईबाप आजा-पणजापासून चालत आलेली फ्रेंच बोलायचे, भांडायचे फ्रेंचमध्ये, कोंबड्या हाकलायचे तेही फ्रेंचमध्ये. ती उभी राहिली आणि धडाधडा बोलून मोकळी झाली. बापाबरोबर बटाटे वेचले, पिंपं भरली, पाठ कामातून गेली.

"'पटाट' नाही, ओडेट. बटाट्याला 'पोम द तेर' म्हणतात," मिस म्हणाल्या. "आणि क्रियापदाचं रूपही चुकलं. हे असलं कुठे शिकलीस?"

"घरी."

मागे कुणीतरी खिदळलं. मग डॉक्टरची मुलगी पॅम उठली. तिच्या घरी फ्रेंचचा एक शब्द नव्हता. तिनं पाठ केलेली चार वाक्यं म्हटली आणि शाबासकी घेऊन खाली बसली. ओडेटच्या कानांच्या पाळ्या पेटल्या.

संध्याकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी ताटात पडली आणि बापानं, फर्नाननं, रोजचाच प्रश्न विचारला. मुलीनं शाळेत फ्रेंच घेतली याचं त्याला मोठं अप्रूप होतं.

"काय शिकवलं गं आज त्या बाईनं?"

ओडेटनं त्याच्याकडे पाहिलं. धिरड्यावर लोणी फासता फासता तो उत्तराची वाट बघत होता. 'बाबा, तुमचा शब्दन् शब्द चुकीचा आहे असं शिकवलं,' हे तिच्या तोंडून निघेना.

"बटाट्याबद्दल शिकवलं," ती म्हणाली.

"आँ? मग तर मीच जाऊन शिकवतो की!" तो खदाखदा हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात जाऊन तास बदलून घेतला. फ्रेंच बंद, त्याच वेळेला वर्कशॉप. मुलींना तिथे घ्यायला लागून वर्षच झालं होतं आणि या तुकडीत ती एकटीच मुलगी होती.

"ए, स्वयंपाकघर पलीकडे आहे," दारातच एका मुलानं टोमणा मारला.

"माहितीय. तुला भूक लागलीय का?" ती म्हणाली. बाकीचे हसले, आणि मग फारसं कुणी वाटेला गेलं नाही.

पण बेचैनी काही गेली नाही. वर्कशॉपच्या मिशो सरांनी प्रत्येकाला एक स्टूल बनवायला दिलं होतं. ओडेट घाईघाईत रंधा मारायची, खाच जास्त खोल करायची, एक पाय वाया घालवायची, मग दुसरा. भिंतीपलीकडून वर्गाचा एकसुरी आवाज यायचा, सगळे मिळून क्रियापदं घोकत असायचे, आणि तिच्या ओठांवरही ती रूपं यायची. तिथे होती तेव्हा इथे यावंसं वाटायचं, आता इथे होती तर कान तिकडे.

"तुझ्यामागे कुणी लागलंय का?" सरांनी विचारलं. "लाकूड कुठे पळून जात नाही."

एकदा सरांच्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि तोंडातून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. अगदी तिच्या बापाची, घरच्या फ्रेंचमधली.

"सर! तुम्हीपण आमच्यासारखंच बोलता?"

सरांनी आधी दाराकडे पाहिलं. "शाळेत नाही," ते इंग्रजीत म्हणाले आणि अंगठा चोखत निघून गेले.

घरी रोज संध्याकाळी तोच प्रश्न यायचा आणि ओडेट रोज नवं काहीतरी रचून सांगायची. आज रंग शिकवले. आज ऋतू. एकदा बोलण्याच्या भरात तिनं सोमवारचंच गुरुवारी सांगितलं. बापाच्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचंच तिला जास्त लागलं.

नोव्हेंबरात पालकांची सभा आली. बाप असल्या सभांना कधी फिरकत नसे, म्हणून ती निर्धास्त वर्कशॉपमध्ये मांडामांड करत होती. आणि काचेतून पाहते तर काय, केस पाण्यानं चापून बसवलेला, चर्चला जायचा कोट घातलेला फर्नान सरळ फ्रेंचच्या वर्गात शिरत होता.

हातातला पॉलिश पेपर टाकून ती धावली. ती दारात पोचली तेव्हा मिस हॉलोवे म्हणत होत्या, "मिस्टर सिरवा, ओडेटनं तर महिनाभरापूर्वीच माझा वर्ग सोडला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाप अडखळत इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. मला वाटलं..." टोपी हातात घेऊन तो उभा राहिला. त्याला तसं पाहून ओडेट घरच्या फ्रेंचमध्येच ओरडली, "मी पटाट म्हनलं तर ती चूक म्हनते, बाबा! तुमी बोलता ते समदं चूक!"

मिस हॉलोवेंना सगळं नाही तरी पुरेसं कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

फर्नान मुलीकडे वळला. इंग्रजी सोडून त्याच भाषेत, शांतपणे म्हणाला, "आमच्या येळंला शाळेत फ्रेंचचा शब्द काढला की भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. आता फ्रेंच शिकवत्यात, तर म्हंत्यात आपली फ्रेंचच न्हाय. यांचं एकदा काय ते ठरू दे की."

"तुम्हाला उभं करायचे?" मिस हॉलोवेंनी हळू आवाजात, त्यांच्या पुस्तकी फ्रेंचमध्ये विचारलं. "खरंच?"

"तिथं," त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "याच शाळेत."

मिस हॉलोवेंनी वळून कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहावं लागतं. ते माझ्या हातात नाही. पण तिची जागा रिकामी आहे."

ट्रकमधून दोघं घरी निघाले. काचेवर बर्फाचा भुरका बसत होता.

"वर्ग सोडलास त्याचं काय न्हाय," फर्नान म्हणाला. "पर रोज सांजच्याला मला बसवून काय सांगत व्हतीस गं? रंग काय, ऋतू काय! मी आपला येड्यासारखा ऐकतोय."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

"मग आता काय झालं?"

तिनं उलट विचारलं, "तुमी काय शिकला हो शाळेत?"

"गप बसायला," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

ओडेटनं आठवडाभर नुसती तगमग केली. मग ती मिशो सरांकडे गेली. त्यांनी वर्कशॉपच्या जेवणानंतरच्या तुकडीत तिला जागा करून दिली आणि एवढंच म्हणाले, "स्टूल पुरं केल्याशिवाय सोडणार नाही हां." त्यानंतरच्या सोमवारी ती फ्रेंचच्या वर्गात जाऊन आपल्या जुन्या बाकावर बसली. पॅमनं वळून पाहिलं. ओडेटनंही डोळे वटारून पाहिलं.

मिस हॉलोवेंनी शनिवार-रविवारबद्दल विचारलं. ओडेट उठली आणि भराभर बोलत सुटली. पहिल्या वाक्यात मिसनी चूक काढली, तिसऱ्यातही काढली. पाचव्यात हात वर केला आणि मध्येच थांबल्या.

"तुमच्याकडे असंच म्हणतात?"

"हो."

"बरं. पुढे?"

हे ऐकून घेणं होतं की नुसता कंटाळा, ओडेटला कळेना. तिनं पुढची दोन वाक्यं कशीबशी उरकली आणि खाली बसली. संध्याकाळपर्यंत दम कसा धरायचा, हे तिला समजत नव्हतं. आज बाबांना सांगायला खरंखुरं काहीतरी होतं.