फ्रिज बंद ठेवून ऐकलेली रेकॉर्ड

डॉक्टरांच्या घरी संगीत ऐकायचं म्हणजे आधी फ्रिज बंद करावा लागे. फ्रिजची घरघर म्हणे खालच्या सुरांत मिसळते. फ्रिजपाठोपाठ पंखा, पंख्यापाठोपाठ भिंतीवरचं घड्याळ. दाराची बेल तर कायमचीच काढून टाकली होती, त्यामुळे दूधवाला खिडकीवर टकटक करी आणि बंद फ्रिजमध्ये भर उन्हाळ्यात दर आठवड्याला एकदा त्याचंच दूध नासे. नासलेलं दूध ओतून टाकायचं काम वहिनींचं.

वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. डॉक्टरांच्या मित्रांनी तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं आणि पुढे सगळ्या गल्लीनेच म्हटलं, म्हणून आपणही तेच म्हणू. डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवून जो आवाज कानांत साठे, तो धुऊन काढायला आपल्याला उत्तम यंत्रं लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी मुलीच्या लग्नानंतर तिची खोली ऐकण्याची खोली झाली. तिचं कपाट गेलं, आरसा गेला, खिडकीला गादीएवढा जाड पडदा आला आणि मधोमध एक सोफा आला. सोफ्यावर कुणी कुठे बसायचं हेही ठरलेलं. मधली जागा डॉक्टरांची, कारण खरा आवाज म्हणे तिथेच येऊन मिळतो. उजवीकडे वकील, डावीकडे ठेकेदार, दोघेही जुने मित्र. वहिनींना जागा नव्हती. "तुला कान नाही गं, त्याला तू तरी काय करणार?" असं डॉक्टर अगदी प्रेमाने सांगत.

तर त्या रविवारी नवं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आलं होतं. खाली काळ्या दगडाची लादी, वर काचेची चकती, आणि सुईचा दांडा असा नाजूक की त्याच्याकडे बघताना डॉक्टर श्वास रोखून धरत. सकाळपासून ते पातळी बघायची पाणसळ घेऊन फळीवर ओणवे होते. एका पायाखाली कागदाची घडी घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. दाढ बसवताना रोग्याला "चावा, आता सोडा" म्हणतात तसं ते त्या यंत्राशी बोलत होते. वहिनींशी सकाळपासून एवढंच बोलले होते, "चालू नकोस, फरशी हलते."

नवं आलं म्हणजे जुनं जाणार. आणि खरा घोळ तिथेच होता, कारण जुनं टर्नटेबल वहिनींचं होतं. लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं, लाकडी पेटीचं, एका कोपऱ्यात पॉलिश उडालेलं. ते ठेकेदाराला द्यायचं ठरलंही होतं. ठेकेदाराला ते वाजवायचं नव्हतं. त्याच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात जुन्या वस्तूंचा कोपरा होणार होता आणि त्यात या पेटीवर तो फुलझाडाची कुंडी ठेवणार होता. त्याने ठेवायची जागा मापूनसुद्धा ठेवली होती.

"अहो, पण नव्यात अठ्ठ्याहत्तरची गती नाही," वहिनी आदल्या दिवशी जेवताना म्हणाल्या होत्या. "माझ्या आईची रेकॉर्ड मी कशावर लावू?"

वहिनींच्या आईचा आवाज असलेली वस्तू जगात एकच होती, ती रेकॉर्ड. त्या काळी फोटो काढून देणाऱ्यांसारखी आवाज काढून देणारीही दुकानं असत. आत बसून गायचं आणि बाहेर पडताना तबकडी घेऊन जायचं. एकाच बाजूला गाणं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. नव्या यंत्रांना तेवढं पळता येत नाही, आणि जुन्याला येत होतं.

"ती रेकॉर्ड?" डॉक्टरांनी घास थांबवला. "अगं, ती सदोष आहे. नुसती खरखर. मधेच कुणीतरी खोकतंय. त्याच्यानंतर ठोके येतात, म्हणजे तबकडीला तडा गेलाय. मी तुला कॉम्प्युटरवर स्वच्छ करून देतो. खरखर, खोकला, ठोके, सगळं पुसून टाकतो. मोबाईलवर ऐक की मग."

"काही पुसायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज जरा चढला असावा, कारण डॉक्टरांनी एकदम मोठं मन केलं. मोठं मन करायला त्यांना आवडे, विशेषतः हरायची भीती नसली की. ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या परीक्षा घेऊ. डोळे बांधून ऐकायचं. आम्हा तिघांपैकी एकाला जरी जुन्या-नव्यातला फरक कळला नाही, तरी तुझं यंत्र घरात राहील. मग तर झालं?"

आता रविवारी दुपारी तिघेही सोफ्यावर बसले होते. वकील कोर्टात बसतो तसा, पाय ताठ करून. ठेकेदार येताना जुन्या यंत्रासाठी रिकामं खोकंच घेऊन आला होता आणि ते त्याने दारातच ठेवलं होतं. वहिनींनी ते पाहिलं.

डॉक्टरांनी रीत समजावली. एकाच गाण्याच्या दोन सारख्या रेकॉर्डी, एक जुन्यावर, एक नव्यावर, दोन्ही फिरत्या. अॅम्प्लिफायरचं बटण डावीकडे असलं की जुन्याचा आवाज, उजवीकडे फिरवलं की नव्याचा. बटण इतकं गुळगुळीत, की फिरवल्याचा आवाजच होत नाही. बटणापाशी बसायचं वहिनींनी.

"वहिनीच का?" वकिलाने विचारलं.

"तिला त्यातलं काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे निःपक्षपाती."

"मान्य," वकील म्हणाला.

मग वहिनींनी "एक" म्हणून एक यंत्र ऐकवायचं, "दोन" म्हणून दुसरं. कुठलं कुठलं ते त्यांनाच ठाऊक. ऐकणाऱ्यांनी बरं कुठलं ते ओळखायचं. डॉक्टरांनी दोन्ही सुया टेकवल्या, फ्रिज बंद आहे ना हे स्वयंपाकघरात जाऊन बघून आले आणि मधल्या जागेवर बसून डोळ्यांवर रुमाल बांधला. तिघेही रुमाल बांधून, माना वर करून बसले. जत्रेतल्या फोटोवाल्यासमोर बसावं तसे ते दिसत होते, पण हसायची सोय नव्हती.

बटण डावीकडेच होतं. गाणारी बाई गाऊ लागली. "एक," वहिनी म्हणाल्या.

थोडा वेळ गेला. त्यांनी बटणाकडे हात नेला आणि तोंडाने "दोन" म्हणाल्या. तोंड हाताच्या जरा पुढे गेलं, एवढंच. बोटं अजून बटणाला लागायची होती, तेवढ्यात वकील उसासून म्हणाला, "अहाहा!"

वहिनींचा हात तिथेच थांबला.

"पडदा उठला राव," ठेकेदार म्हणाला. "मघाशी बाई जिन्यात उभी राहून गात होती. आता खोलीत आली."

"श्श," डॉक्टर म्हणाले. पण त्यांच्याही चेहऱ्यावर तूप पाझरत होतं.

वहिनींनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांनी यात कसलीही लबाडी योजलेली नव्हती. पण तीन शहाणी माणसं आपणहून खड्ड्याच्या दिशेने चालली असतील, तर त्यांना हाक मारायलाच हवी असं कुठे आहे? "एक," त्या म्हणाल्या.

"आलं, पुन्हा मळभ आलं," वकील कळवळला.

"दोन."

"स्वच्छ! तळापर्यंत स्वच्छ!"

मग त्या कधी लवकर, कधी सावकाश, मनाला येईल तसं एक आणि दोन म्हणत राहिल्या, आणि तिघे अकलेचे तारे तोडत राहिले. एकमध्ये धूळ होती, दोनमध्ये ऊन होतं. एकमधला तबला कार्डबोर्डचा होता. डॉक्टरांनी तर कमाल केली. ते म्हणाले, "दोनमध्ये तिचा 'स' ऐका. वरच्या डाव्या बाजूला एक दात नाहीये बाईंना. एकमध्ये हे कळूच शकत नाही." वकिलाने अंधारातच त्यांना दाद दिली.

गाणं संपलं. रुमाल सुटले. तिघांचेही चेहरे उजळले होते. "एकमताने दोन," डॉक्टर म्हणाले. "आणि दोन म्हणजे नवं, हे सांगायलाही नको. सांग गं, दोन कुठलं?"

"जुनं," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"दोनही जुनं आणि एकही जुनं. मी बटण फिरवलंच नाही. फिरवणार होते, पण तुम्ही आधीच अहाहा म्हणालात."

डॉक्टर उठून बटणापाशी गेले. बटण डावीकडेच होतं. खोलीत इतकी शांतता पसरली, की घरघर ऐकायला फ्रिज चालू असता तर बरं झालं असतं. ठेकेदार पुन्हापुन्हा रुमालाची घडी घालत होता.

सगळ्यात आधी सावरला तो वकील. त्याचा धंदाच तो. "एक मुद्दा," तो म्हणाला. "नवं यंत्र शेजारी फिरत होतं. त्याच्या दगडाने फळीची थरथर शोषून घेतली. म्हणून जुनं मधूनमधून उजळत होतं. म्हणजे फरक होता, आणि तो नव्यामुळेच होता."

"मग आता नुसतं नवं ऐकू या," वहिनी म्हणाल्या. "बांधा रुमाल."

पुन्हा रुमाल बांधायला मात्र कुणी पुढे येईना.

"तुमची अट आठवतेय ना?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं. "फरक कळला नाही तर यंत्र घरात राहील."

"पण कळला की!" वकील म्हणाला. "तिघांनाही कळला. तो होता की नव्हता, हा वेगळा विषय."

"बरोबर," म्हणत ठेकेदार दारातलं खोकं आणायला उठला. वहिनी उभ्या राहिल्या. आता हा माणूस पेटीला हात लावणार आणि आपण त्याच्या हातावर मारणार, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं. पण त्याआधीच डॉक्टर ओरडले, "थांब! हात लावायचा नाही!"

नवऱ्याने आपली बाजू घेतली म्हणून वहिनींना क्षणभर भरून आलं. क्षणभरच.

"अरे, एवढं सुंदर वाजणारं यंत्र मी कुंडीखाली घालू?" डॉक्टर म्हणाले. "गेलेला दात ऐकवला त्याने! मी पहिल्यापासून सांगतोय, या जुन्या पेटीत काहीतरी आहे. याला आता वरची फळी. वर काचेचं झाकण करून घेतो. आणि आजपासून माझ्याशिवाय कुणी याला हात लावायचा नाही."

पहिल्यापासून ते काय सांगत होते, ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ठेकेदाराने नव्या यंत्राची काळी लादी बोटाने ठोकून पाहिली आणि कुंडी यावरही राहील की काय, अशा नजरेने तिच्याकडे बघितलं.

म्हणजे यंत्र घरात राहिलं आणि वहिनींच्या हातून गेलं. त्या आत गेल्या. आल्या तेव्हा एका हातात कागदी पाकीट होतं आणि दुसऱ्यात काडेपेटी. काडेपेटीत त्या रेकॉर्डीची वेगळी जाड सुई होती.

"अगं, ती नको," डॉक्टर आडवे आले. "आता तर मुळीच नको. ती खरखर या यंत्रावर—"

"माझ्या वडिलांनी मला दिलेलं यंत्र आहे," वहिनी म्हणाल्या. "बाजूला व्हा."

इतक्या वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. डॉक्टर बाजूला झाले, आणि सवयीने आपल्या मधल्या जागेवर जाऊन बसले. वहिनींनी दांड्यावरची नेहमीची सुई काढली, जाड बसवली, गतीचा खटका ओढला आणि तबकडी ठेवली. आधी खरखर आली. मग त्या खरखरीतून एका बाईचा आवाज आला, साधा, थोडा घाबरलेला, दुकानात पहिल्यांदाच गाणारा. तिघांचे डोळे आपोआप मिटले. खोड जात नाही.

"पातळ आहे," वकील हळूच म्हणाला.

"खालचं काहीच नाही," ठेकेदार म्हणाला.

मग खोकला आला. ढासच ती, लहान मुलाची. गाणं थांबलं. थप, थप, थप असे ठोके आले, आणि आवाज पुन्हा होता तिथून सुरू झाला.

"हाच तो दोष," डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले. "ऐकलात? हा खोकला आणि हा तडा. मी म्हणतोय, दहा मिनिटांत पुसून देतो."

"तो खोकला माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "मला डांग्या खोकला झाला होता. घरी कुणाजवळ ठेवायची सोय नव्हती, म्हणून मला मांडीवर घेऊनच आई गायला बसली. आणि तो तडा नाही. ती माझी पाठ थोपटतेय."

तिघांचेही डोळे उघडले. तबकडीवर वहिनींची आई गातच होती.

"मला कधी बोलली नाहीस," डॉक्टर म्हणाले.

"लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही स्पीकर सरकवत होता."

गाणं संपलं. सुई मधल्या कोऱ्या भागावर फिरत राहिली. कुणीच काही मत दिलं नाही. त्या सोफ्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं. डॉक्टर मधल्या जागेवरून उठले. तिथे वहिनींनी बसावं, असं त्यांना हाताने दाखवायचं होतं, पण हात अर्ध्यावरच राहिला. "पुन्हा लावतेस?" ते म्हणाले. "मी नीट ऐकतो."

वहिनींनी सुई उचलली, काढून काडेपेटीत ठेवली आणि रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

"आज नको," त्या म्हणाल्या. "दूध नासेल."

आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रिज चालू केला.